गाव बाहेर, विहीर आत

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात कुडाळच्या बाजारात ओळखीच्या भाजीवाल्या बाईंनी मला विचारलं, "तुमी खंय होतास गो नोकरीक? पोस्टात?"

मी म्हटलं, "उपग्रहाच्या खात्यात."

"म्हणजे तो टीव्हीचो डिश?"

मी हो म्हणून टाकलं. आयुष्यभर समजावून सांगून माणूस दमतो, आणि माझ्या हातात तेव्हा कोबीचा गड्डा होता.

आता या अंकाच्या संपादकांनी आग्रहच केला आहे, तर सगळ्यांना एकदाच सांगून टाकते. मी सरकारी शास्त्रज्ञ होते. उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून पाणी कुठे आहे, कुठे होतं आणि कुठे असायला हवं, याचे नकाशे करणं हे माझं काम. आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही उपग्रह टिपतो, म्हणून आमच्या चित्रांत झाडं लाल दिसतात आणि पाणी काळं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, जिल्ह्याला गोवर आलाय. जमिनीच्या पोटातलं पाणी मात्र उपग्रहाला दिसत नाही. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, म्हणून मी ते नेहमी चहा झाल्यावर सांगत असे. पोटातलं पाणी खुणांवरून ओळखायचं असतं. वैशाखातही लाल राहिलेला झाडांचा पट्टा, खडकातली लांबलचक सरळ भेग, ओढ्याने उगाचच घेतलेलं वळण. डॉक्टर जीभ बघून पोटाचं सांगतात, तसंच ते. आणि मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन खात्री करून घ्यायची. माझी निम्मी नोकरी पुण्यात संगणकासमोर गेली आणि निम्मी इथे आपल्या जिल्ह्यात दुसऱ्यांच्या विहिरींत डोकावण्यात.

डोकावणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकं चांगली भेटतात. इन्सुलीकडच्या एका गृहस्थांना वाटायचं, भावाने मधला गडगा, म्हणजे जांभ्या दगडांचं कुंपण, रातोरात सरकवलं आहे आणि माझ्या उपग्रहाने ते नक्की बघितलेलं आहे. "तुमी फकत साक्ष काढा," असं ते मला प्रत्येक भेटीत हळूच सांगायचे. मिठबावच्या एका बाईंनी विचारलं, समुद्रावर गेलेली नवऱ्याची होडी दिसते का. एवढी लहान गोष्ट आमच्या चित्रात दिसत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मगे नुसता पाणी बघून काय करतास?"

एकदा आमच्या कार्यालयातल्या एका हुशार मुलाने देवगड तालुक्यातल्या एका डोंगराच्या पायथ्याशी छानसं तळं शोधून काढलं. तळं नकाशावर चढलं आणि मत्स्यबीज सोडायला जागा बघण्यासाठी एक अधिकारी थेट तिथे पोहोचले. मी सोबत होते. दुपारची वेळ. कुठे तळं नाही, डबकं नाही, गुरं चरताहेत. बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी छापील चित्र दाखवलं. त्याने ते लांब धरून बघितलं, मग डोंगराकडे बघितलं, आणि म्हणाला, "हेका बघूचा आसात तर सकाळी येवक व्हया." ती डोंगराची सावली होती. आमचा उपग्रह यायचा सकाळीच, थंडीत सूर्य अजून खाली असताना, आणि सावलीही त्याला पाण्यासारखीच काळी दिसायची. अधिकारी परतीच्या वाटेवर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र हसू आवरत नव्हतं, आणि गाडी त्यांची होती.

हे सगळं गमतीचं. पण मला सांगायचं आहे ते एका विहिरीबद्दल.

गाव मालवण तालुक्यातलं, खाडीच्या काठावरचं. नाव देत नाही, कारण दिलं तर शेजारच्या दोन गावांचे फोन येतील, आमचं का नाही म्हणून. गावाची वरची वाडी चढावर, तिथे माडा-पोफळींच्या बागा. खालची वाडी खाडीला लागून. आमच्या नकाशात ही खालची वाडी जांभळ्या रंगात होती. जांभळा रंग म्हणजे खारट पट्टा, म्हणजे इथे खाडीचं पाणी जमिनीखालून आत शिरलेलं आहे. नकाशावर रंग एवढासा असतो, पण त्याचा अर्थ मोठा. खारट पट्ट्यात गोड्या पाण्याच्या कामाला सरकारी पैसा मिळत नाही. ना विहीर दुरुस्तीला, ना पावसाचं पाणी मुरवायला. बुडत्या जागेत कोण पैसे घालणार, असा तो हिशोब. मी गेले होते ती त्या जांभळ्या रंगाची खात्री करायला.

पाऊस त्या वर्षी लवकर आटोपला होता. दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. वाडीची विहीर ज्यांच्या अंगणात होती त्या इंदूकाकी. वय साठीच्या पुढे, अंगाने काटक, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकट्याच राहायच्या. मला ओटीवर बसवून त्यांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पाणी आणि गूळ आणला. गुळाचा खडा चांगला लिंबाएवढा होता.

"आदी गूळ खावा," त्या म्हणाल्या, "मगे पाणी पिया."

मी खडा तोंडात धरला, पाणी प्यायले आणि मला कळलं. काकी अंगणातल्या तुळशीकडे बघत होत्या.

"पावण्याक खारा पाणी दिऊक लाज वाटता," त्या म्हणाल्या. "म्हणान गूळ मोठो."

ही विहीर त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली. वाडीतली सगळी घरं तिच्यावर. आधी चैत्रात मचूळ व्हायची, मग माघात, आणि आता दिवाळी सरते न सरते तोच खारट. त्यांचा मुलगा महेश डोंबिवलीला. औषधांच्या कंपनीत चांगली नोकरी. त्याचं म्हणणं, घर आणि जागा विकू, खाडीकाठी बंगले बांधायला लोक टपलेले आहेत, तू आमच्याकडे ये. तो वाईट बोलत नव्हता. आई बाजारातून पाण्याचे कॅन आणते हे त्याला बघवत नव्हतं.

"थंय तिसऱ्या माळ्यार माका कोण वळाखता?" काकी म्हणाल्या. "पण तो तरी काय सांगतलो? पाणीच नाय तर घर कसला?" मग माझ्या हातातल्या नकाशाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ह्यो तुमचो नकाशो काय म्हणता?"

"खारट म्हणतो," मी कार्यालयातल्या मराठीत सांगितलं.

"ता माका माजी जीभ सांगता. माका सांगा, बाव मेली काय आजारी आसा?"

इतक्या वर्षांत इतका नेमका प्रश्न मला आमच्या कुठल्या बैठकीतही कोणी विचारला नव्हता. विहीर मेली असेल, म्हणजे खाडी कायमची आत आली असेल, तर विकणंच शहाणपणाचं. आजारी असेल तर गोष्ट वेगळी.

मला एक संशय होता. मागच्या बऱ्याच वर्षांची चित्रं मी एकापुढे एक लावून बघितली होती. खाडी होती तिथेच होती. बदललं होतं ते वर. वरची वाडी वर्षागणिक लाल होत गेली होती. म्हणजे बागा वाढल्या, बागांबरोबर पंप वाढले. वरून उतरणारं गोडं पाणी खाडीच्या पाण्याला दाबून मागे ठेवतं. ते वरच उपसलं गेलं की खाडी जमिनीखालून पुढे सरकते. पण हा संशय झाला, पुरावा नव्हे. पुराव्यासाठी गावातले सगळे पंप काही दिवस एकदम बंद ठेवायला हवे होते, आणि विहिरीत काय होतं ते बघायला हवं होतं. हे कोण करणार? बागायतदाराला पंप बंद ठेव म्हणणं म्हणजे त्याला जेवू नको म्हणण्यासारखं. जिल्हाधिकाऱ्यांच्याही आवाक्यातली गोष्ट नाही ती.

मी हे सगळं काकींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "मार्गशीर्षात गावपळण आसा. तेव्हा खंयचे पंप चलतत?"

मी स्वतः कुडाळजवळची, पिंगुळीच्या शेजारच्या गावातली. गावपळण मला माहीत नव्हती असं नाही. पण माझ्या डोक्यात ती सणाच्या कप्प्यात होती, कामाच्या नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आपल्याकडच्या काही गावांत दर काही वर्षांनी ग्रामदेवतेच्या हुकमाने सगळं गाव तीन दिवस आणि तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. घरं ओस. चूल पेटत नाही, रहाट फिरत नाही, पंप सुरू होत नाही. देव म्हणे तेव्हा गावात एकटा फिरतो. आणि बाहेरून कोणी आत पाऊल टाकत नाही.

तीन दिवस सगळे पंप बंद. मला ओटीवर उठून उभं राहावंसं वाटलं. मी उभी राहिलेच.

पुण्याला साहेबांना फोन केला. साहेब सज्जन, पण नियमाने चालणारे. "सगळं गाव उपसा बंद ठेवणार? कोणाच्या आदेशाने?"

"देवाच्या," मी म्हटलं.

"लेखी आहे का?"

मी फोन ठेवला.

आता अडचण पुढची. विहिरीतलं पाणी मोजायला आत माणूस हवं, आणि आत माणूस चालणार नाही. पण आमच्याकडे एक यंत्र होतं. पोलादाची बोटाएवढी नळी, तारेला बांधून पाण्यात सोडायची. पाण्याची पातळी किती आणि क्षार किती, हे ती आपलं आपण टिपत राहते. ते यंत्र गावपळणीत विहिरीत राहू द्यावं, एवढीच माझी मागणी. मी ती घेऊन गावच्या मानकऱ्यांकडे गेले.

मानकऱ्यांत बोलणारा माणूस म्हणजे अण्णा परब. तरुणपणी बोटीवर होते, जगभरची बंदरं पाहिलेली, आता वरच्या वाडीत मोठी बाग आणि गावातला सगळ्यात दांडगा पंपही त्यांचाच. देवळासमोरच्या मांडावर, म्हणजे मोकळ्या अंगणात, बैठक बसली. अण्णांनी यंत्र तळहातावर घेऊन उलटंसुलटं केलं.

"हेच्यात जीव आसा?"

"बॅटरी आहे."

"बॅटरी म्हणजे थोडो जीवच," एकजण म्हणाला.

मग चर्चा अशी रंगली की मी सेमिनारांत तशी ऐकली नाही. घड्याळं घरात चालूच राहतात, तेव्हा बॅटरीला हरकत नाही. पण घड्याळ कोणाकडे बघत नाही, हे तर बघतं. बघणारं काही आत राहावं का? तेवढ्यात कोणीतरी माझा उपग्रहही काढला. तो वरून जाणार, रिकामा गाव बघणार, त्याचं काय? मी कबूल केलं की गावपळणीतच एका सकाळी तो वरून जाणार आहे आणि त्याला थांबवणं माझ्या हातात नाही.

अण्णा म्हणाले, "तो वरसून जाता. शिवेत पाय लावणा नाय. विमाना जातत, तसोच तो." उपग्रह सुटला. मग त्यांनी बारीक विचारलं, "हो पण माजो पंप टायमरार चलता. आपसुक चालू, आपसुक बंद. यंत्र रवला तर पंप कित्याक नको?"

तो पंप चालला तर माझी सगळी तपासणीच वाया. एक वयस्क मानकरी इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "पंप काम करता अण्णा. काम करता ता भायर. ह्या नुसता बघता." अण्णांना ते पटलं, किंवा पटवून घ्यावं लागलं. तरी शेवटचा शब्द देवाचा. कौल लावायचा ठरलं.

कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारायचा. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सकाळी गाभाऱ्यासमोर सगळे जमले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, तुजी रयत तुज्या पायाकडे इली आसा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या सरकारी बाईन खालच्या वाडयेच्या बावडेत एक यंत्र सोडूचा म्हटल्यान. ता खाणा नाय, पिणा नाय, वराडणा नाय."

"व्हय म्हाराजा."

"तेका तीन दिवस तुज्या गावात रवाक दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यात माझाही आवाज होता. मी विज्ञान शिकलेली बाई, देवावरचा माझा विश्वास गरजेपुरता. पण त्या घटकेला गरज होती, आणि माझे डोळे त्या पाकळ्यांवरून हलत नव्हते.

डावी पडली.

गुरवाने हात जोडले. मला मात्र राग आला, आणि राग आला की माझी कार्यालयातली मराठी जाते. "माका काय माज्यासाठी व्हया?" मी म्हटलं. "ही बाई घर इकूक निघाली. तिका एक उत्तर व्हया, एवढाच. देवाक ह्या दिसणा नाय?" बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी गाभाऱ्यासमोर उभं राहून देवाला दम भरत होते. गुरव माझ्याकडे बघत राहिला. माझी मालवणी ऐकून दोघेतिघे नकळत हसले.

मग मागून, बायकांतून, इंदूकाकी पुढे आल्या. "गुरवानू, तुमी अर्ध्याच इचारलास. यंत्र तिचा. ती खंय रवतली ता इचारलास?"

मी सांगितलं, मालवणला विश्रामगृहात.

"बघा," काकी म्हणाल्या. "गावातली वस्तू गावात सोडून कोण जाता? जो गावाबरोबर भायर पडता तो. आमी आमची घरां सोडून जातो, म्हणान देव ती राखता. ही खंयसून भायर पडतली? तिका आमच्यावांगडा भायर काढा, आणि मगे इचारा."

अण्णांनी गुरवाकडे बघून होकाराची मान हलवली. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. ही बाई तीन दिवस या गावाची, गावाबरोबर शिवेबाहेर राहील, झोपडीत राहील, मिळेल ते खाईल. व्हय म्हाराजा. मला कोणी विचारलं नाही. पाकळ्या लावल्या, आणि उजवी पडली.

दौऱ्याच्या नियमांत झोपडी बसत नव्हती, म्हणून मी रजा टाकली. यंत्र आठवडाभर आधीच विहिरीत सोडलं, तार काठावरच्या खांबाला बांधली आणि ठरल्या दिवशी ढोल वाजल्यावर इंदूकाकींच्या मागून, डोक्यावर त्यांची एक वळकटी घेऊन, मी ज्या गावची नव्हते त्या गावातून बाहेर पडले. महेश डोंबिवलीहून आला होता, त्याच्या एका हातात कोंबड्यांची टोपली आणि दुसऱ्या हातात आईची ट्रंक. ट्रंकेकडे बघून मला कळलं. तीन दिवसांसाठी कोणी ट्रंक नेत नाही. त्याने आईला सांगितलं होतं, बाहेर पडतेसच, तर आता परत आत जायचंच नाही, इथूनच गाडी करू. काकींनी हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त ट्रंक भरली होती.

शिवेपलीकडे ओहोळाच्या काठी माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. ते तीन दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात आनंदाचे, आणि त्यांची हजेरी कुठेच लागलेली नाही. बायकांना घर झाडायचं नव्हतं, पाणी ओढायचं नव्हतं. दुपारभर फुगड्या आणि थट्टा. कोंबड्या रोज सुटायच्या आणि मुंबईहून आलेले चाकरमानी त्यांच्यामागे पळायचे. आम्ही कुळथाची पिठी आणि भात खायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी उपग्रह जायच्या वेळी अण्णा टोपी घालून मोकळ्यावर आले, मागोमाग सगळेच आले आणि आभाळाकडे बघू लागले. दिसत काही नव्हतं, दिसणारही नव्हतं. मी वेळ झाली म्हटल्यावर एका म्हाताऱ्या आजीने वर हात केला. नंतर पुण्याला मी ते चित्र उघडलं. तेच लाल माड, तीच काळी खाडी. गाव रिकामं आहे याची एकही खूण त्यात नव्हती.

ओहोळाच्या काठाला वाळूत खड्डा केला होता, त्यातलं पाणी आम्ही प्यायचो. गोड, थंड. काकी ते प्यायच्या आणि भांडं रिकामं झाल्यावर थोडा वेळ हातातच धरून ठेवायच्या. पहिल्या दिवशी मी त्यांना 'तुमी' होते. दुसऱ्या दिवशी "गो बाय, हयसर बस, थंय ओला आसा," असं झालं. महेशही मोकळं बोलायला लागला. एकदा मला म्हणाला, "मॅडम, तुम्हाला वाटतं मी जागेच्या पैशांसाठी करतोय. गेल्या मे महिन्यात आई कॅन उचलताना अंगणात पडली. तिने मला सांगितलंसुद्धा नाही, शेजाऱ्यांनी सांगितलं." मी त्याला म्हटलं, मला तसं वाटत नाही. खरंच वाटत नव्हतं.

चौथ्या सकाळी पुन्हा कौल लागला, परतीचा. उजवा. ढोल वाजला, गुरं पुढे आणि माणसं मागे, गाव घराकडे निघालं. महेशने सांगितलेली गाडी रस्त्यावर येऊन थांबली होती. इंदूकाकी शिवेवरच्या दगडापाशी आपल्या ट्रंकेवर बसल्या.

"चल ना आई," महेश म्हणाला. कुठे चल, ते त्याने म्हटलं नाही.

काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू जा. तुजा यंत्र काढ आणि बघ. मी हयसरच बसतंय. मेली आसात तर मी थंय बघूक येणंय नाय."

मी आणि महेश गेलो. मी तार ओढून नळी वर काढली, विहिरीच्या काठावर संगणक ठेवून जोडली. हात ओले होते, पहिल्यांदा जुळेना. मग पडद्यावर दोन रेघा आल्या. पाण्याच्या पातळीची रेघ पहिल्या दुपारपासूनच वर चढायला लागलेली, न थांबता. आणि क्षाराची रेघ, जी गेले कित्येक दिवस वरच जात होती, ती दुसऱ्या दिवशी थबकली होती आणि मग खाली वळली होती. विहीर गोड झाली नव्हती. पण खाडी मागे हटायला लागली होती.

महेश वाकून बघत होता. "म्हणजे वरचे पंप?"

"हो," मी म्हटलं. "पण तीन दिवसांचं आहे हे. मी कसलीही हमी देत नाही."

त्याने पोहरा सोडला, पाणी काढलं, ओंजळीत घेऊन प्यायला आणि तोंड वाकडं केलं. "अजून खारटच आहे," तो म्हणाला, आणि हसला.

आम्ही शिवेवर परत गेलो. काकी तिथेच होत्या, एकट्या. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं, "काकी, आजारी आसा. मेली नाय."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "बरी जातली?"

"वरच्या वाडीन ऐकला तर."

"ऐकतली," काकी म्हणाल्या. "मी आसय मा आता हयसर." त्या उठल्या आणि गावाकडे चालायला लागल्या. महेशने गाडीवाल्याला पाठवून दिलं आणि ट्रंक उचलली.

इथे गोष्ट संपवता आली असती तर बरं झालं असतं. पण अण्णांनी त्या दोन रेघा बघितल्या आणि त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. यंत्रासाठी दुसऱ्या कौलाला मान हलवणारा माणूस तोच, आणि यंत्राने बोट दाखवलं ते त्याच्याच बागेकडे. बैठका झाल्या, आवाज चढले, एकदा तर पंपाच्या वायरी कापण्यापर्यंत गोष्ट गेली. इंदूकाकी प्रत्येक बैठकीला पुढच्या रांगेत बसायच्या आणि बरोबर त्याच विहिरीच्या पाण्याचा तांब्या आणायच्या. तावातावाने बोलून घसा सुकला की अण्णांसमोर तोच तांब्या. शिमगा होऊन गेल्यावर अण्णा एकदाचे म्हणाले, "सोमवारी आमी जोत धरणव नाय, देवाचो दिवस म्हणान. तशी पंपाचीव पळण करूया. सोमवार आणि गुरवार पंप भायर." बाकीच्यांनी ते मान्य केलं, आणि खाडीलगतचे दोन पंप कायमचे खाडीपासून लांब नेले. गावात त्याला आजही पंपाची पळण म्हणतात.

मी अहवाल लिहिला. त्यात 'स्थानिक व्यवस्थेनुसार सलग उपसाबंदीचा कालावधी' असं लिहिलं. साहेबांनी शेजारी शेरा मारला, आदेशाची प्रत जोडावी. मी जोडली नाही. तरी नकाशावरचा त्या वाडीचा रंग जांभळ्याचा पिवळा झाला, म्हणजे 'सुधारणा शक्य', आणि पाणी मुरवण्याच्या कामाला पैसे आले. सगळं माझ्या यंत्राने केलं असं मी म्हणणार नाही. पुढचा पाऊसही चांगला झाला.

एक खंत मात्र आहे, आणि ती लपवत नाही. मी शेकडो गावांना वरून रंग दिले. त्यांतल्या फार थोड्या गावांत मी खाली बसून जेवले असेन. प्रत्येक वाडीत एखादी इंदूकाकी असेल, आणि तिचा प्रश्न ऐकायला मी तिथे नव्हते. नोकरीचा हिशोब करायला बसले की हे पहिल्यांदा आठवतं.

निवृत्तीनंतरच्या वैशाखात मी त्या गावाला गेले, आता पाहुणी म्हणून. ऊन मी म्हणत होतं. काकींनी मला ओटीवर बसवलं, आत गेल्या आणि पाण्याचं भांडं घेऊन आल्या. मी सवयीने हात पुढे करून थांबले.

"काय गो, पी मा," काकी म्हणाल्या.

"गूळ?"

"कित्याक?"

आणि त्या उभ्या राहिल्या. या वेळी तुळशीकडे नाही, थेट माझ्या तोंडाकडे बघत. मी प्यायले, शेवटपर्यंत. मग भांडं पुढे केलं, आणि त्यांनी काही न विचारता ते पुन्हा भरलं.